जगातले धर्म नीट समजून घ्यायचे आहेत. बेळगाव भागात राहून सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यात राहता, पदवी झालीय, 'जगातील प्रमुख धर्म' छापाची दोन पुस्तकं वाचून झाली, पण डोक्यात नुसता तक्ता उरला: संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, सण कोणते. आता पुढे काय वाचू आणि कुठे जाऊ, असा प्रश्न आहे.

आधी तो तक्ता बाजूला ठेवा. त्याचे रकाने ख्रिस्ती धर्माच्या मापानं बेतलेत आणि बाकीच्यांना त्यात कोंबलंय. सौंदत्तीची यल्लम्मा त्यात बसवून बघा. संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, तरी मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. तिथे जाणाऱ्याला विचारलं तर तो तत्त्व सांगणार नाही, क्रम सांगेल: आधी जोगळभावीच्या कुंडावर आंघोळ, मग सत्यव्वाचं दर्शन, मग डोंगर. धर्म बहुतेकांच्या आयुष्यात असाच, क्रमाच्या रूपात असतो. तुमचा अभ्यासही तिथूनच सुरू करा.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माती इथेच होते. तुम्ही सीमाभागातले आहात, म्हणजे हा घोटाळा तुम्हाला रोजचा आहे. 'अवकाश' म्हटलं की मराठी माणसाला सवड किंवा आभाळापलीकडची पोकळी आठवते. कन्नडमध्ये त्याचाच अर्थ संधी. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाताना अगदी हेच होतं, फक्त कोणी चूक दुरुस्त करत नाही. आपला 'संसार' म्हणजे घरदार, भांडीकुंडी; जैन आणि बौद्ध बोलण्यात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा. जैन तत्त्वज्ञानात 'पुद्गल' म्हणजे जड द्रव्य, बौद्ध ग्रंथांत तोच शब्द व्यक्तीसाठी. आणि जैनांच्या सहा द्रव्यांच्या यादीत 'धर्म' येतो त्याचा पुण्याशी काही संबंध नाही. माशाला पोहायला पाणी जशी मदत करतं, तसं हालचालीला मदत करणारं ते द्रव्य आहे. हे माहीत नसताना वाचलं तर पान उलटतं, अर्थ भलताच लागतो.

म्हणून एक दोनशेपानी वही घ्या. डाव्या पानावर डोळ्यांना दिसलं ते, उजव्या पानावर तिथल्या माणसानं सांगितलं ते, त्याच्याच शब्दांत. आपला शब्द घालायचा नाही. मौलानांना 'पुजारी' लिहिलंत, मिस्सेला (कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) 'पूजा' लिहिलंत, की पुढचा सगळा अंदाज चुकत जातो. वहीच्या शेवटची वीस पानं शब्दांसाठी ठेवा: शब्द, कोणाच्या तोंडून ऐकला, तिथे अर्थ काय. सहा महिन्यांनी तक्त्यापेक्षा ही वीस पानं जास्त कामाची ठरतात.

विचारायचं कसं, तेही सांगतो. 'का' नं सुरुवात करू नका. 'तुम्ही हे का करता?' म्हटलं की समोरचा सावध होतो आणि पाठ केलेलं उत्तर देतो, बहुतेक वेळा त्यात 'वैज्ञानिक कारण' असतं. 'कधी', 'कोण', 'कशानं', 'चुकलं तर काय करता' असं विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला. चूक कशाला म्हणतात ते कळलं की नियम आपोआप कळतो.

दाखल्याला दिगंबर मुनींचा आहार घ्या. बेळगाव जिल्हा यासाठी उत्तम जागा. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर महाराज (१८७२-१९५५) निपाणीकडच्या भोज गावचे. पावसाळ्यात मुनी एका गावी राहतात, तेव्हा सकाळी जा. घरापुढे सोवळ्यातले स्त्रीपुरुष हातात कलश, नारळ घेऊन उभे असतात. मुनी जवळ आले की 'नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ' म्हणून बोलावतात. याला पडगाहन म्हणतात. मुनींनी मनात धरलेला नेम जुळला तर ते थांबतात, नाहीतर पुढे जातात. जेवण दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत, पाणीसुद्धा तेव्हाच. आणि ओंजळीत केस किंवा मेलेला किडा दिसला तर तो 'अंतराय': ओंजळ सुटते, त्या दिवशी पुन्हा घोटभर पाणीही नाही. वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं, त्यावरून अहिंसा आणि अपरिग्रह (स्वतःजवळ काही न साठवणं) या दोन शब्दांचं वजन कळतं. तुम्ही लांब उभं राहायचं. धुतल्या सोवळ्यातल्यांखेरीज कोणी त्या जागेत पाऊल टाकत नाही, आणि तुमच्या हाताचं पाणी चालत नाही याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

याच धाग्यावरून हलशीला जा, तुमच्याच तालुक्यात आहे. कदंब राजांची पलाशिका ती हीच. तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताम्रपटांत जैन संघांना दिलेल्या दानांची नोंद आहे, आणि त्यात निर्ग्रंथांबरोबर यापनीय आणि कूर्चक या जैन साधुसंघांची नावं येतात. यापनीय साधू दिगंबरांसारखे नग्न राहायचे, पण स्त्रीला मोक्ष मिळतो हे श्वेतांबरांसारखं मानायचे. तो पंथ पुढे नाहीसा झाला. 'जैनांचे दोन पंथ' हे तुमच्या तक्त्यातलं वाक्य तिथे मोडतं.

बेळगावच्या किल्ल्यात अर्धा दिवस पुरतो. कमल बस्ती (इकडे बस्ती म्हणजे जैन मंदिर) तेराव्या शतकाच्या आरंभीची, रट्ट राजांच्या काळातली, आत नेमिनाथ. सभामंडपात मध्यभागी उभं राहून वर बघा: छताला दगडी कमळ लोंबतंय, त्याच्या पाकळ्यांवर ७२ तीर्थंकर, म्हणजे मागचे २४, आताचे २४ आणि पुढे होणारे २४. काळाबद्दलची जैन समजूत यापेक्षा कमी जागेत कोणी मांडलेली नाही. तिथून चालत सफा मशीद, रामकृष्ण आश्रम, दुर्गादेवी. भाग लष्कराच्या ताब्यातला आहे, तेव्हा ओळखपत्र ठेवा, मोबाईल खिशात ठेवा. मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊन गर्दी करू नका. आधी विचारून दोन नमाजांच्या मधल्या वेळी जा. वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा, पश्चिमेकडची भिंत, तिच्यातला कोनाडा बघा. मूर्ती शोधायला गेलेल्याला मशीद रिकामी वाटते. दिशा शोधायला गेलेल्याला भरलेली. दर्गा म्हणजे मशीद नव्हे, हेही लक्षात असू द्या: तिथे कबर असते, उरूस असतो, आणि येणाऱ्यांत सगळ्याच जातीधर्मांचे लोक असतात.

लिंगायत शेजारी तुम्हाला आहेतच. इष्टलिंग ही देवळातल्या लिंगाची छोटी प्रत समजू नका. दीक्षेत गुरू ते हातावर देतो, ते आयुष्यभर अंगावर राहतं, पूजेला डाव्या तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करतात. दुसऱ्याचं लिंग 'जरा बघू' म्हणून मागणं हा सरळ अपमान आहे. माणूस गेल्यावर ते त्याच्याबरोबरच मातीत जातं. बसवून पुरण्याची त्यांची रीत आहे. 'वीरशैव' आणि 'लिंगायत' एकच की वेगळे, हा वाद मात्र पहिल्या भेटीत काढू नका. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारनं स्वतंत्र धर्माच्या मान्यतेची शिफारस केली तेव्हा एकाच घरात दोन मतं होती. दोघांकडून वेगवेगळं ऐका, वहीत वेगवेगळं लिहा. बसवण्णा आणि इतर शरणांची वचनं मराठीत मिळतात. पण एखादं कन्नड जाणणाऱ्याकडून मूळ म्हणवून घ्या, ती बोलण्यासाठीच आहेत.

चर्चमध्ये कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं. लोक उठले की उठा, बसले की बसा. एकच गोष्ट पाळा: कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या रांगेत जाऊ नका. आपल्याला तो प्रसाद वाटतो आणि प्रसाद नाकारू नये अशी आपली सवय, म्हणून भाबडेपणानं लोक हात पुढे करतात. कॅथलिकांच्या श्रद्धेत तो प्रत्यक्ष ख्रिस्ताचा देह आहे, दीक्षित कॅथलिकांपुरता.

ग्रंथांचं. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बहुतेक लोक तिसऱ्या पुस्तकात, लेवीयमध्ये, यज्ञबळींच्या नियमांत अडकतात आणि सोडून देतात. मार्कच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या चरित्रापासून) सुरू करा. १६ अध्याय, दोन बैठकांत संपतं. मग स्तोत्रसंहिता, मग उत्पत्ती. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं आणि कॅथलिक प्रतीत ७३, म्हणून दोन मित्रांच्या प्रती जुळल्या नाहीत तर दचकू नका. कुराणाचंही तसंच. ११४ सूरे, म्हणजे अध्याय, काळाच्या क्रमानं लावलेले नाहीत. ढोबळमानानं मोठे आधी, छोटे शेवटी. दुसराच सूरा २८६ आयतींचा, कायदे आणि प्रसंगांनी भरलेला. त्यामुळे पहिला सूरा वाचून थेट तिसाव्या पाऱ्यात, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतल्या शेवटच्या भागात जा. तिथले छोटे सूरे बरेचसे मक्केतले, सुरुवातीच्या काळातले आहेत. वाचून झाल्यावर कोणाकडून तरी पठण ऐका, नाहीतर अर्धंच कळेल. बुद्धासाठी धर्मानंद कोसंबींपासून सुरुवात करा, मराठीत त्याहून स्वच्छ काही नाही. बाकी नोंदींसाठी मराठी विश्वकोश पुरतो, तो इंटरनेटवर फुकट आहे. धर्मांच्या खंडन-मंडनाचे व्हिडिओ पहिलं वर्षभर बंद. त्यातून वाद घालायला येतं, दुसरं काही येत नाही.

एक कॅलेंडर भिंतीला लावा आणि सगळ्यांचे दिवस त्यावरच लिहा. दिगंबरांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं, म्हणजे गल्लीत गणपतीचा ढोल आणि बस्तीत उपास एकाच आठवड्यात. बसवजयंती अक्षय तृतीयेची, आणि बेळगावची वैशाखातली शिवजयंती तिच्या आगेमागेच. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं आणि त्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

वेळ किती लागेल? एका परंपरेला तीन महिने धरा, त्यात निदान चार भेटी, शक्यतो त्याच जागी, त्याच माणसांकडे. पहिल्या भेटीत लोक पाहुण्याशी बोलतात, तिसऱ्या भेटीपासून खरं बोलतात. आणि एकाच माणसाचं ऐकून 'मुसलमान असं मानतात' असं वहीत कधी लिहू नका. 'अमक्यानं असं सांगितलं' लिहा. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्यही निदान वर्षभर लांब ठेवा. ते खरं की खोटं हा वेगळा प्रश्न; पण ते मनात धरलं की माणूस बघायचं थांबतो.

आसपास नसलेल्या परंपरांसाठी आधी मराठीतलं दार शोधा. यहुद्यांकडे जायचं तर कोकणातल्या बेने इस्रायलींवरून जा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे, त्या एका नावात शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस आहे. शिखांकडे जायचं तर नामदेव घ्या. त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आपल्या अभंगांशेजारी ठेवून वाचली की काय सारखं आणि काय बदललं ते दिसतं. मग एकदा बीदरचा नानक झिरा गुरुद्वारा करा. डोक्याला रुमाल हवा, तंबाखूची पुडी खोलीवरच ठेवायची, पाय धुऊन आत जायचं, ग्रंथसाहिबाकडे पाय किंवा पाठ करून बसायचं नाही. लंगरमध्ये रांगेत खाली बसा, शेजारी कोण आहे ते न बघता. रोटी वाढायला आली की दोन्ही हात पुढे करून घ्या. थाळीत टाकतील म्हणून वाट बघत राहिलात तर वाढणारा पुढे जाईल.