घरातला धूर आणि शाळकरी वयातली सिगारेट

प्रश्न : आमच्या घरी सासरे आणि यजमान दोघेही सिगारेट ओढतात. त्या वेळी ते खिडकी उघडतात, पंखा लावतात आणि आमच्या चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवतात. एवढी काळजी पुरेशी आहे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : नाही, पुरेशी नाही. खिडकी आणि पंख्याच्या भरवशावर असंख्य घरे निर्धास्त राहतात, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. सिगारेट नुसती बोटांत धरलेली असते तेव्हाही तिच्या जळत्या टोकातून धूर निघतच असतो. हा धूर ना फिल्टरमधून गेलेला असतो, ना कोणाच्या फुप्फुसांतून. दोन झुरक्यांच्या मधल्या काळात ते टोक कमी तापमानावर धुमसत असल्यामुळे तंबाखूचे ज्वलन अर्धवट होते, आणि खोलीत साठणाऱ्या धुरात सर्वांत मोठा वाटा याच धुराचा असतो. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने आढळली असून त्यांतील सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत.

पंखा हा धूर घराबाहेर काढत नाही, तो घरभर पसरवतो. दाराच्या फटीतून तो शेजारच्या खोलीत जातो आणि पडदे, अंथरुणे, अंगावरचे कपडे यांत मुरतो. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाचा श्वासोच्छ्वास जलद असतो आणि त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात; त्यामुळे त्याच हवेचा त्याला अधिक त्रास होतो. कान वारंवार फुटणे, दम्याचे झटके आणि न्यूमोनिया यांचा धोका अशा घरांतील मुलांना जास्त असतो. शरीरात निकोटीनपासून कोटिनीन नावाचा पदार्थ तयार होतो आणि एकदाही सिगारेट न ओढलेल्या मुलांच्या लाळेत तो तपासणीत सापडतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ सालच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, दुसऱ्याच्या धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २००४ सालची जागतिक आकडेवारी तपासली होती. त्यानुसार जगातील ४० टक्के मुले दुसऱ्याच्या धुरात श्वास घेत होती आणि या धुरामुळे वर्षाला सुमारे ६ लाख मृत्यू होत होते, त्यांपैकी १ लाख ६५ हजार मुले होती. मुलांचे हे मृत्यू मुख्यतः श्वसनमार्गाच्या संसर्गामुळे झालेले होते आणि त्यांचा मोठा भार आफ्रिका व दक्षिण आशिया यांवर होता. कुपोषण, दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारे उपचार यांत धुराची भर पडली, की एरवी बरा होणारा आजार जिवावर बेततो.

म्हणून घरात सिगारेट अजिबात पेटणार नाही, हाच नियम हवा. सासऱ्यांना हे सांगणे सुनेला अवघड जाते, याची मला जाणीव आहे. ही जबाबदारी आपल्या यजमानांनी घ्यावी, आणि मुलाला तपासणीला नेताना दोघांपैकी एकाला बरोबर न्यावे, म्हणजे डॉक्टरच ते समोरासमोर सांगू शकतील.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवतो. विद्यार्थ्यांच्या धूम्रपानाविषयीच्या सर्वेक्षणात घरातल्या धुराचे प्रश्न कशासाठी विचारतात?
— एक शिक्षक

उत्तर : जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण १९९९ पासून होत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र यांच्या सहकार्याने ते सुरू झाले. १३ ते १५ वर्षांचे विद्यार्थी वर्गात बसून, नाव न लिहिता, प्रश्नावली भरतात. १३१ देशांची माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ८.९ टक्के विद्यार्थी सिगारेट ओढत होते, तर ४३.९ टक्के घरी आणि ५५.८ टक्के सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याच्या धुराला सामोरे जात होते. माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळाच आहे : ज्यांनी कधीच सिगारेट ओढली नव्हती, त्यांच्यातील जवळपास पाचवा हिस्सा पुढे ओढू लागण्याच्या बेतात होता.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांच्या नात्यात आहे. ज्या घरात वडीलधारी माणसे ओढतात तिथे मुलाला सिगारेट हाताशी मिळते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रोजच्या व्यवहारातली साधी गोष्ट वाटू लागते. तेव्हा शाळेत सापडलेल्या मुलाला केवळ शिक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. जगातील तंबाखू वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. यांतील अनेक देशांत कायदे आहेत, पण अंमलबजावणी ढिली आहे. सुटी सिगारेट मिळत असल्याने मुलाच्या खिशाला ती परवडते आणि पाकिटावरचा इशारा त्याच्या नजरेसही पडत नाही.

उपाय मात्र ठाऊक आहेत. २००५ साली अमलात आलेल्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात धूरमुक्त सार्वजनिक जागा, जाहिरातबंदी आणि अल्पवयीनांना विक्रीबंदी यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. किंमत १० टक्क्यांनी वाढली तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो, आणि हा परिणाम तरुणांवर सर्वाधिक होतो. शाळेपुरते बोलायचे तर आवाराचा नियम शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना आणि पालकांनाही तितक्याच काटेकोरपणे लागू करावा.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. मित्रांबरोबर दिवसाला एक-दोनच ओढतो. एवढ्याने सवय लागेल का?

उत्तर : लागू शकते. झुरक्यातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूची वाढ तर पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून या वयात व्यसन लवकर जडते. आज ते सोडणे तुला पुढील कोणत्याही वर्षापेक्षा सोपे जाईल. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप बिघडेल. तल्लफ मात्र बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ तिथून बाहेर पड, पाणी पी, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे त्याला फोन कर. जे मित्र ओढतात त्यांना तुझा निर्णय आधीच सांगून ठेव, आणि तरीही जमले नाही तर डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस.