अकरावीला गणित सोडलं तर बीएस्सी केमिस्ट्रीला अडेल का?
मुलगी बायोलॉजी ठेवून गणित सोडायचं म्हणतेय, असं तुम्ही विचारलंय. शक्यतो सोडू देऊ नका.

अमेरिकेत सॅडलर आणि टाय या संशोधकांनी २००७ मध्ये आठ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. शाळेतल्या केमिस्ट्रीचा फायदा कॉलेजात केमिस्ट्रीपुरताच, फिजिक्स-बायोलॉजीचंही तसंच. गणिताचा मात्र तिन्ही विषयांत. (हा फक्त संबंध आहे, गणितामुळेच असं होतं हे सिद्ध झालंय असं नव्हे.)

नाशिकला कॉलेज रोडला मी एफवायच्या मुलांना शिकवते. पीएच काढताना लॉगॅरिदम, अभिक्रियेचा वेग काढताना डेरिव्हेटिव्ह, पोरं त्या गणितातच अडतात. रसायन त्यांना कळलेलं असतं. फार वाईट वाटतं. गणित आणि बायोलॉजी दोन्ही एकत्र घेता येतात, कॉलेजात विचारून बघा.