वाचकांचे प्रश्न : प्रयोग हाती असताना संगणकीय प्रारूप कशासाठी?

प्रश्न : मी नाशिकमध्ये जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. क्रिस्परने डीएनएचा हवा तो भाग बदलून परिणाम थेट पाहता येतो, असे आम्हाला शिकवतात. मग जनुकांच्या नियमनाचा अभ्यास करताना संगणकीय प्रारूपांवर एवढा भर का दिला जातो? आणि प्रारूपांना भाकीत करता येत असेल, तर प्रयोगांची गरजच काय? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच देतो. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षांपासूनच सुरुवात करू. बहुतेक पांढऱ्या जातींमध्ये रंगद्रव्याच्या निर्मितीला चालना देणाऱ्या ‘मिब-ए१’ या जनुकाचा मजकूर शाबूत असतो. परंतु त्याच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या, त्याच्या सुरुवातीलगतच्या डीएनए भागात) सुमारे दहा हजार अक्षरांचा एक फिरता डीएनए तुकडा घुसलेला असल्यामुळे ते जनुक चालूच होत नाही. जपानी संशोधकांनी हे २००४ मध्ये दाखवले. (शेजारचे ‘मिब-ए२’ही त्या वेलींत निकामी असते, नाहीतर मण्यांना रंग आलाच असता.) निसर्गाने केलेला हा प्रयोग बोलका खरा, पण तो एकाच बदलाचा आहे.

क्रिस्परमुळे असे बदल आपल्याला हवे तितके करता येतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने टोमॅटोच्या फळाच्या आकाराशी संबंधित एका जनुकाच्या प्रमोटरमध्ये अनेक ठिकाणी काटछाट करून लहानमोठ्या फळांची मालिकाच तयार केली. त्यात खटकणारी गोष्ट अशी की, जनुकाची अभिव्यक्ती (म्हणजे ते किती प्रमाणात चालू आहे) किती बदलली यावरून फळ किती बदलेल, हे नीट सांगता येत नव्हते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते : कापले आणि परिणाम दिसला, एवढ्याने नियम हाती लागत नाही.

अडचण संख्येचीही आहे. एखाद्या जनुकावर दहा नियंत्रक तुकड्यांचा (जनुक कधी आणि किती चालावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागांचा) प्रभाव असेल, तर त्यांच्या चालू-बंद स्थितींच्या १,०२४ जुळण्या होतात, आणि मानवात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार आहेत. शिवाय एक तुकडा काढला आणि काहीच घडले नाही, तर तो निरुपयोगी होता असा निष्कर्ष घाईचा ठरतो. कित्येकदा दुसरा तुकडा त्याचे काम सांभाळून घेत असतो, आणि दोन्ही एकत्र काढल्यावरच परिणाम उघड होतो. कोणत्या जोड्या तपासाव्यात, हे ठरवायला प्रारूप लागते.

असे प्रारूप गुंतागुंतीचेच असावे असे मात्र नाही. २०१९ मध्ये मांडलेले ‘अ‍ॅक्टिव्हिटी-बाय-कॉन्टॅक्ट’ प्रारूप जवळजवळ शाळेतल्या गणितासारखे आहे : वर्धक तुकड्याची (जनुकाची अभिव्यक्ती वाढवणाऱ्या नियंत्रक तुकड्याची) सक्रियता गुणिले त्याचा जनुकाच्या प्रमोटरशी येणारा संपर्क, भागिले परिसरातील सर्व वर्धकांच्या अशाच गुणाकारांची बेरीज. त्याची पारख करण्यासाठी संशोधकांनी डीएनए न कापणारे, केवळ त्यावर बसून तो भाग दडपणारे निष्क्रिय कॅस-९ (क्रिस्परमधील कापणाऱ्या प्रथिनाचे निष्क्रिय रूप) वापरले आणि एकेक वर्धक बंद करून जनुकाची अभिव्यक्ती मोजली. ‘सर्वांत जवळचे जनुक हेच लक्ष्य’ या जुन्या ठोकताळ्यापेक्षा हे साधे सूत्र सरस ठरले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. २०२१ मधील ‘एन्फॉर्मर’ हे प्रारूप एका वेळी सुमारे दोन लाख अक्षरांचा डीएनए वाचून अभिव्यक्तीचे भाकीत करते. परंतु वेगवेगळ्या व्यक्तींच्या डीएनएवर अशा प्रारूपांची परीक्षा घेतली, तेव्हा, २०२३ च्या अभ्यासांनुसार, बदलामुळे अभिव्यक्ती वाढेल की घटेल, याची दिशासुद्धा अनेकदा चुकली. या प्रारूपांचे शिक्षण मुख्यतः संदर्भ-जीनोमवर, म्हणजे नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या एकाच संपूर्ण डीएनए-क्रमावर, झालेले असते. तेथे ती एका जनुकाची दुसऱ्याशी तुलना करायला शिकतात, पण त्याच जनुकातले एखादे अक्षर बदलले तर काय होईल, हे त्यांनी फारसे पाहिलेले नसते. जनुकसंपादन नेमकी हीच उदाहरणे पुरवते. म्हणूनच, माझ्या मते, प्रारूपाचे भाकीत खरे ठरवणाऱ्या प्रयोगापेक्षा, जेथे दोन प्रारूपांची भाकिते एकमेकांच्या विरुद्ध जातात तेथे केलेला प्रयोग अधिक मोलाचा असतो. प्रकल्पाचा विषय निवडताना अशी जागा शोधून पाहा.

प्रश्न : मग द्राक्षवेलीत कोणते अक्षर बदलायचे, हे संगणक सांगू शकेल का? – एक बागायतदार, निफाड

उत्तर : सध्या तरी त्यावर विसंबू नये. ही प्रारूपे प्रामुख्याने मानव आणि उंदीर यांच्या माहितीवर घडलेली आहेत. द्राक्षाच्या जीनोमचा आराखडा २००७ पासून उपलब्ध असला, तरी कोणता नियंत्रक तुकडा मण्यात चालतो आणि कोणता पानात, याची तेवढी दाट माहिती वेलीबाबत नाही. त्यातच संपादित पेशीपासून अख्खी वेल वाढवून तिला घड लागेपर्यंत काही वर्षे जातात. त्यामुळे पेशींमध्ये काही आठवड्यांत होणारी पडताळणी येथे फार लांबते.