काडाखाली मक्याची मुळे वरवर का पसरतात?

प्रश्न : खरिपात मक्याच्या दोन ओळींमध्ये उडदाची एक ओळ घेतली आहे. पेरणी होताच गव्हाचे काड चांगले जाड अंथरले. पीक २२ दिवसांचे आहे. उपटून पाहिलेल्या मक्याच्या रोपांची मुळे आडवी पसरलेली आणि आखूड दिसतात. पानेही पिवळसर आहेत. काड काढून टाकावे काय?
– एक वाचक, ता. सिल्लोड

उत्तर : सगळे काड काढू नये. मुळात उपटलेल्या रोपावरून मुळांचा अंदाज घेणे योग्य नाही, कारण बारीक मुळे तुटून मातीतच राहतात. दोन-तीन रोपे कुदळीने मातीच्या ढेकळासह काढावीत, बादलीभर पाण्यात तासभर भिजत ठेवून हलक्या हाताने धुवावीत आणि मगच पाहावे.

बियाण्यातून निघालेली पहिली मुळे मक्याला सुरुवातीचे थोडेच दिवस पुरतात. त्यानंतर जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटीमीटरवर असलेल्या खोडाच्या पेऱ्यांमधून नवी मुळे फुटतात आणि पुढे सारे पीक त्यांच्यावरच उभे राहते. पावसाने ओढ दिली आणि नेमका हा वरचा थर सुकला, तर या मुळांची टोके वाळतात व रोप वाऱ्याने कलंडते; काडाखाली ओल टिकत असल्यामुळे ती वाचतात. ओल वरच मिळाल्याने मुळे वरच्या थरात दाट होतात. त्यामुळे आडवी मुळे हा रोग नव्हे. मात्र भारी काळ्या जमिनीत संततधार असेल, तर तेच काड वाफसा (पाणी निथळून मातीत ओल व हवा दोन्ही असण्याची स्थिती) येऊ देत नाही आणि हवेअभावी मुळे आखूड व तपकिरी राहतात. आपल्या मुळांचा रंग पांढरा आहे की तपकिरी, हे आधी पाहावे. तपकिरी असल्यास खोडापासून वीतभर काड बाजूला सारून पट्टा उघडा करावा आणि साचलेले पाणी चराने काढून द्यावे.

पिवळेपणाचे कारण साचलेल्या पाण्याइतकीच नत्राची (नायट्रोजनची) कमतरताही असू शकते. गव्हाच्या काडात नत्राच्या सुमारे ८० पट कर्ब (कार्बन) असतो. काड मातीत मिसळले गेले असेल, तर ते कुजविणारे जिवाणू मातीतले नत्र काही काळ अडकवून ठेवतात. शेजारचा उडीद या वयात मक्याला नत्र देईल, ही अपेक्षा ठेवू नये, कारण त्याच्या मुळांवरील, हवेतले नत्र धरणाऱ्या गाठी आत्ता कुठे कामाला लागत असतात. एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी असेल तर ती कार्यरत आहे, पण ते नत्र प्रथम उडदाच्याच कामी येते. म्हणून युरियाचा दुसरा हप्ता ३० दिवसांपर्यंत न थांबता वाफसा येताच द्यावा, तोही काड सारून मातीत. काडावर फेकलेल्या युरियातील बरेच नत्र हवेत उडून जाते.

पुढील हंगामात १५ ते २० दिवसांनी पहिली कोळपणी (ओळींमधील तण काढण्यासाठी कोळपे चालविणे) उरकून मगच काड अंथरावे, कारण आच्छादनावरून कोळपे चालत नाही. प्रमाण एकरी दोन टन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे अर्धा किलो, पुरेसे आहे.