राखीव समुद्रात खोलवर शोध कशाला घ्यायचा? आणि सोलापूरच्या मुलाला या क्षेत्रात जाता येईल का?

जाता येतं. मी सोलापूरच्याच बाळे भागातला, सध्या समुद्र सर्वेक्षणाच्या जहाजावर विंच (केबल सोडायचं-ओढायचं यंत्र) आणि केबल सांभाळतो. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाने डोकं तापलं, कारण आमचे नान्नजचे मामा हेच ऐकवतात: "अभयारण्य केलं ना? मग कुलूप लावा अन् गप बसा. पुन्हा आत काय बघायलाव बे?"

त्यांची जमीन माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्याच्या हद्दीत अडकलेली, राग समजतो. 1979 साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर रेघ मारली आणि पुढे ती बाराशेच्या आसपास आणावी लागली. मी म्हणतो, आत न बघता रेघा मारल्या की असंच होतं.

एकदा हुरड्याला गेलो असताना आगटीपाशीच त्यांना मोबाइलवर कॅलिफोर्नियाजवळच्या डेव्हिडसन या समुद्राखालच्या डोंगराचा व्हिडिओ दाखवला. हा डोंगर 2008 मध्ये राखीव क्षेत्रात घेतला. त्याच्या पायथ्याशी, तीन हजारांहून जास्त मीटर खाली, हजारो ऑक्टोपस माद्या अंडी उबवत बसल्यात हे कळलं 2018 मध्ये! आठही हात उलटे अंगावर घेतलेले, पोटाखाली अंडी, आणि खडकातून झिरपणाऱ्या कोमट पाण्याने समोरचं सगळं थरथरतंय. आजूबाजूचं पाणी दीडेक अंश, फटीत दहाच्या पुढे. त्या उबेमुळे पिल्लं दोन वर्षांच्या आत बाहेर पडतात, नाहीतर कितीतरी वर्षं लागली असती. मामा कणीस चोळायचं थांबले. "अन् ती खाते काय?" मी म्हणालो, काहीच नाही, पिल्लं निघाली की मरते. मग म्हणाले, "बघितलं ना? आता निघा भायेर."

तुमच्यासाठी: चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, दोन्हींच्या भरतीवर लक्ष ठेवा. तीन माणसांना 6000 मीटर खाली नेणारी मत्स्य 6000 ही पाणबुडी चेन्नईतच घडतेय. जीवशास्त्रच लागतं असं नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवालेही लागतात. जागा मात्र थोड्या, आणि जहाजावर मळमळतं ते वेगळंच.

हां, एक राहिलं. बघणं वेगळं, उपसणं वेगळं. हवाईजवळच्या खोल पाण्यात चार हजार वर्षांहून जुनं काळं प्रवाळ सापडलंय. तिथे नुसता तुकडा तोडायलाही परवाना लागतो आणि लागायलाच हवा. समुद्रतळावरचे मँगनीज धातूचे गोटे काढायला कुणी राखीव भागात शिरणार असेल, तर मी मामांच्या बाजूने. कॅमेऱ्याला मात्र अडवू नका.