चर्चा संपल्यावर येणाऱ्या पोस्टचं काय करायचं?

प्रश्न : ताई, मी पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते, क्लास पूर्ण ऑनलाइन आहे. दर सोमवारी चर्चेसाठी एक प्रश्न टाकते, रविवारी रात्री बारापर्यंत मुदत, एक स्वतःचं मत आणि दोघांना रिप्लाय, त्याला दहा मार्क. शनिवारपर्यंत सगळी सामसूम असते आणि रविवारी रात्री दहानंतर धडाधड पोस्ट पडायला लागतात, काही तर सोमवारी मंगळवारी येतात, मॅडम नेट नव्हतं, मॅडम तारीख लक्षात नव्हती. दिवसाला दोन मार्क कापून पाहिले पण ज्यांना फरक पडत नाही त्यांना पडतच नाही. वरातीमागून घोडं चाललंय सगळं. मुदत संपली की थ्रेड, म्हणजे त्या प्रश्नाखालची सगळी चर्चा, लॉक करून टाकू का, की येईल ते घेत राहू?
— एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, लॉक करायच्या आधी एक गोष्ट बघा. सोमवारी-मंगळवारी येणारी मुलं तुम्हाला उशिरा आलेली वाटतात, पण रविवारी रात्री अकरा चाळीसला "मी वरील सर्वांच्या मताशी सहमत आहे, खूप छान मुद्दे मांडलेत" असं टाकून जाणारा मुलगासुद्धा उशिराच आलाय, फक्त तुमच्या नियमात तो वेळेत बसतो आणि त्याला मार्क मिळतात. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे.

आणि याचा सगळ्यात जास्त फटका कुणाला बसतो सांगू, जी मुलगी मंगळवारीच विचार करून लिहिते तिला. चार दिवस तिला कुणी उत्तर देत नाही आणि रविवारी गर्दी होते तेव्हा तिची पोस्ट तळाला गेलेली असते. जिम ह्युइट नावाच्या अभ्यासकांनी २००५ साली ऑनलाइन चर्चांचे थ्रेड का मरतात यावर लिहिलं होतं, त्यात हेच दिसतं की माणसं येतात, न वाचलेलं तेवढं वाचतात, नुकतंच आलेल्याला उत्तर देतात आणि जुन्याकडे सहसा परत वळत नाहीत, म्हणजे विषय संपला म्हणून थ्रेड थांबतो असं नाही, वाचायच्या सवयीमुळे तो आपोआप मागे पडतो. तुमची ती मुलगी दोन-तीन आठवडे असं बघेल आणि मग तीही रविवारी रात्रीच यायला लागेल, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणून आधी तारखा दोन करा. स्वतःचं मत बुधवारी रात्रीपर्यंत, रिप्लाय रविवारपर्यंत, आणि मार्कसुद्धा वेगवेगळे, पाच आणि पाच. ऑनलाइन वर्गासाठी कॅनव्हास नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एकाच चर्चेला अशा दोन तारखा लावता येतात. मूडल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फोरममध्ये, म्हणजे चर्चेच्या जागेत, देय तारीख आणि कायमची बंद व्हायची तारीख अशी वेगळी सोय आहे, पहिली उलटली तरी पोस्ट जाते, दुसरी उलटली की जात नाही, त्यामुळे पहिली बुधवारी आणि दुसरी रविवारी ठेवली की काम होतं. गुगल क्लासरूममध्ये एका प्रश्नाला एकच तारीख असते, तिथे सरळ दोन कामं द्या, एक मताचं आणि एक रिप्लायचं.

"सहमत आहे"वाल्यांसाठी मूडलमध्ये प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम आहे, त्यात स्वतःची पोस्ट टाकल्याशिवाय इतरांच्या दिसतच नाहीत आणि टाकल्यावरही एडिट करायचा वेळ, साधारण अर्धा तास, जाऊ द्यावा लागतो. पण हे दर आठवड्याला लावू नका हं, काही मुलांना दुसऱ्याचं वाचल्याशिवाय सुचतच नाही आणि ती काही कामचुकार नसतात.

आता मार्क कापण्याचं. निबंध उशिरा आला तर दिवसाला दोन मार्क कापणं ठीक आहे कारण तो वाचणार तुम्ही एकट्या, दोन दिवसांनी वाचला तरी तो निबंधच राहतो. चर्चेतली पोस्ट वर्गासाठी असते, वर्ग पुढच्या प्रश्नावर गेला की तिला वाचकच उरत नाही, मग मार्क कापा नाहीतर पूर्ण द्या, त्यातून बोलणं काही परत सुरू होत नाही. मी तुमच्या जागी असते तर मुदतीनंतर चर्चेची पोस्ट घेतलीच नसती, पण दारही बंद केलं नसतं, त्या मुलाला दुसरं काम दिलं असतं. अख्खा थ्रेड वाच आणि एका पानात लिही, कुठे दोघांचं पटलं नाही, कुणी रिप्लाय वाचून आपलं मत बदललं, कोणता प्रश्न कुणी घेतलाच नाही. याला दहापैकी सात मार्कांपर्यंत द्या आणि चांगलं असेल तर पुढच्या सोमवारी नव्या प्रश्नाच्या वर तेच लावा. हे काम पोस्टपेक्षा जड आहे म्हणून मुद्दाम उशीर करून कुणी ते ओढवून घेणार नाही, आणि जो खरंच आजारी होता तो वर्गाला काहीतरी उपयोगाचं देऊन परत येतो. शिवाय ज्या पोस्टला कुणीच उत्तर दिलं नव्हतं तिचं नाव तरी त्यात येतं.

नेट गेलं होतं का खरंच, हे शोधत बसू नका. सत्राला दोन वेळा कारण न विचारता सूट मिळेल असं पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि जो मुलगा बोलायला पटाईत तो सुटतो आणि जो लाजतो तो मार्क गमावून गप्प बसतो.

तरी एखादा कायमच उशिरा येत असेल तर त्याला वर्गासमोर काही बोलू नका, खाजगीत दोन ओळी लिहा, "गेल्या तीन चर्चांमध्ये तुझी पोस्ट मुदतीनंतर आली, त्यातला किमतींचा मुद्दा चांगला होता पण तो कुणी वाचला नाही. बुधवारपर्यंत चार ओळी टाकायला नेमकी अडचण काय येते ते सांग, वेळ बदलायचा असेल तर बोलू." नोकरी करून शिकणारी मुलं असतात, घरात आजारपण असतं, काही जणांना प्रश्नच कळलेला नसतो आणि ते विचारायची लाज वाटते, हे असं विचारल्यावरच बाहेर येतं.

एक राहिलंच, तुमचा प्रश्नही तपासा. "महागाईची कारणं सांगा" असा प्रश्न असेल तर पहिल्या चौघांनी कारणं लिहिली की पाचव्याने काय लिहायचं? त्याऐवजी "व्याजदर वाढवला तर कर्जदार, ठेवीदार आणि छोटा उद्योजक यातल्या एकाच्या बाजूने बोला" असं द्या, मग शेवटी येणाऱ्यालाही कुणाशी तरी भांडायला जागा राहते. आणि मंगळवारी-गुरुवारी स्वतः दोन-तीन जणांना रिप्लाय द्या, सगळ्यांना नको, तुम्ही सगळ्यांना दिला की मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून तुमच्याशीच बोलतात.

प्रश्न : ताई मला लिहायला वेळ लागतो, तीन-तीनदा खोडते आणि पोस्ट करायला जाते तोवर माझा मुद्दा कुणीतरी लिहिलेला असतो. मग परत नवीन शोधायचा आणि तोवर मुदत संपते. सरांना वाटतं मी आळशी आहे.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तुझा मुद्दा दुसऱ्याने लिहिला तर तो वाया गेला असं कशाला धरतेस, तिथूनच सुरू कर. त्याचं एक वाक्य उचल, "तू म्हणतोस ते इथे लागू होतं पण अमुक ठिकाणी होईल का?" एवढं लिहिलंस तरी चर्चा पुढे जाते, आणि खरं सांगू का, शिक्षकांना असं काहीतरी वाचायला मिळालं तर बरंच वाटतं. पहिल्या दिवशी चारच ओळी टाक आणि खोडाखोड रिप्लायसाठी ठेव. तरी उशीर झालाच तर पोस्टच्या सुरुवातीला माफीचा परिच्छेद लिहू नकोस, ज्याच्या मुद्द्याला उत्तर देतेस त्याचं नाव घेऊन थेट सुरू कर म्हणजे त्याला तरी वाचावंसं वाटेल. आणि सरांना काय वाटतं ते मनातच धरून बसू नकोस, जे मला लिहिलंस ना तेच त्यांना पाठव, जसंच्या तसं.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी भावंडांत एकच मोबाइल आहे. लाइव्ह तासाला ती येत नाहीत, रात्री रेकॉर्डिंग बघून मेसेज टाकतात. हे सहभागात धरायचं का?
— एक शिक्षक

उत्तर : धरायचं, सर, अगदी पूर्ण धरायचं. दोन दिवस उघडा राहील असा चर्चेचा धागा ठेवा आणि लाइव्ह तासाला आलेल्यांनाही तिथे एक रिप्लाय द्यायला सांगा, म्हणजे रात्री येणारी मुलं एकटी पडणार नाहीत. टायपिंग जमत नसेल तर व्हॉइस नोट चालेल असं स्पष्ट सांगा. आणि पुढच्या तासाची सुरुवात रात्री आलेल्या एखाद्या मेसेजपासून करा, ज्याचा आहे त्याचं नाव घेऊन.