जुन्या शेवरोलेचा पुढचा बंपर काढू की ठेवू?

प्रश्न: काका नमस्कार, आमच्याकडे वरळीला आजोबांची १९५१ ची शेवरोले पिकअप आहे. ससून डॉकवरून मासळी आणि बर्फ आणायला वापरायचे ते, मग बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती, आत्ता कुठे इंजिन चालू झालंय. पुढचा बंपर एका बाजूने वाकलाय आणि क्रोम फुगून पापुद्रे सुटलेत. मित्र म्हणतो काढूनच टाक, पुढून एकदम रॉ दिसेल, इन्स्टावर अशाच असतात सगळ्या, आणि नाहीच आवडलं तर जाड पाइपचा गार्ड ठोकू. बाबा म्हणतात बंपरला हात लावून तर बघ. गाडी रोज चालवायची नाहीये, रविवारी सकाळी सी फेसला एखादी चक्कर आणि जमलं तर रॅली. काय करू?
– वरळीचा एक वाचक

उत्तर: बाबांना सांग की काका म्हणाले, बंपर काढ. पण मित्राला एवढ्यात फोन करू नकोस, कारण काढायचा तो मागे काय चाललंय ते बघायला, आणि माझं मत विचारशील तर सरळ करून परत लावायला.

ही गाडी आयुष्यभर मासळी आणि बर्फ वाहत होती रे, वर वरळीची खारी हवा आणि दर पावसाळा. चॅसीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, दोन टोकं पुढे आलेली असतात ना, त्यांना ब्रॅकेट बोल्टने बसवलेले असतात आणि त्या ब्रॅकेटवर बंपर. लोखंडावर लोखंड बसलं की मधल्या फटीत चिखल आणि ओल अडकते, ती वाळतच नाही, बाहेरून रंग छान दिसतो आणि पेचकस टोचला की आत जातो. त्याच भागात जवळच पुढच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर आहेत, म्हणजे तिथे लोखंड खाल्लेलं निघालं तर बंपर ठेवायचा की नाही हा प्रश्नच बाजूला, आधी चॅसीचं काम आणि तोवर रविवारची चक्कर बंद.

काढायच्या आधी समोरून, बाजूने, खालून भरपूर फोटो काढ आणि कुठला वॉशर कुठे होता तेही. बॅटरीची वायर सोडून ठेव. गोल डोक्याचे बोल्ट असतील तर त्यांची मान चौकोनी असते आणि चौकोनी भोकात बसते, ती मान झिजली की बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो आणि नट काही सुटत नाही. म्हणून गॅरेजवाल्याला पहिल्याच फटक्यात एअर गन लावू देऊ नकोस, दोन-तीन रात्री गंज सोडवायचं तेल मारून मुरू दे, मग पान्याने थोडं पुढे थोडं मागे. गॅसने तापवायची वेळ आलीच तर पेट्रोलची लाइन कुठून जाते ते आधी बघ, तुझ्या मॉडेलमध्ये टाकी कॅबमध्ये सीटच्या मागे असते पण लाइन पुढे इंजिनापर्यंत येते. नाहीच ऐकलं तर नट कापायचा, ब्रॅकेट नाही. आणि उतरवताना दुसरा माणूस हवा, एकट्याने केलंस तर बंपर सुटून पायावर येईल.

ब्रॅकेट सुटला की त्याच्याखाली बघ, बऱ्याचदा तिथे कंपनीचा मूळ रंग शाबूत सापडतो, वर कितीही हात मारलेले असोत. रंगकाम करायचं असेल तर हा नमुना सोन्यासारखा, घासून टाकू नकोस.

आता दिसण्याबद्दल. त्या मॉडेलच्या ग्रिलला पाच आडव्या पट्ट्या, खाली पत्र्याचं एप्रन, हे सगळं बंपर धरूनच आखलेलं आहे. तो काढला की चॅसीची टोकं दोन सुळ्यांसारखी बाहेर दिसतात आणि मग लोक काय करतात, ती कापतात. ते अजिबात करायचं नाही, ओढायला हुक लावायचा आधार तोच आहे आणि एकदा कापलं की परत फिरायला वाव नाही. इन्स्टावरच्या बऱ्याच गाड्यांचा खालचा सांगाडाच बदललेला असतो, ते काम वेगळं, तुझी गाडी वेगळी. शिवाय मुंबईत पार्किंगमध्ये कोणीतरी रिव्हर्स मारताना टेकणारच, ते बंपरवर झेललेलं परवडतं, ग्रिलवर आणि रेडिएटरवर नाही. मोठ्या अपघातात मात्र हा बंपर तुला वाचवेल असं समजू नकोस, जाड लोखंडी पट्टी थेट चॅसीला बांधलेली आहे, आजच्या गाड्यांसारखी धक्का शोषून घेणारी सोय तिच्यात काहीच नाही.

पाइपचा गार्ड तर विसरूनच जा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बेकायदा बदल धरला जातो. समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याचं काय होईल हा विचार आहे त्यामागे, आणि बरोबरच आहे.

कागदांचं म्हणशील तर जुलै २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरमध्ये व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच, म्हणजे तुझी रविवारची चक्करही त्यात मोकळेपणाने बसणार नाही हे लक्षात घे. आणि हा नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, तुझी पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असणार, तर आजोबांचं जुनं आरसी बुक घेऊन ताडदेव आरटीओत ती बसते का ते आधी विचार, मगच पैसे खर्च कर. बोल्ट काढून परत लावता येणारा बंपर म्हणजे चॅसीतला बदल नव्हे, पण तपासणीला किंवा रॅलीत परीक्षकांसमोर गाडी पूर्ण असलेली कधीही बरी.

वाकलेली बाजू हातोड्याने ठोकायची नाही, लोखंडावर खळगे पडतात आणि क्रोम केल्यावर ते जास्तच उठून दिसतात. लोखंड दाबायच्या प्रेस मशीनवर हळूहळू सरळ करून घे. मग जुनं क्रोम रासायनिक पद्धतीने उतरवून, पॉलिश करून, तांबं-निकेल-क्रोम असे थर, हे महाग जातं आणि खाली पॉलिश नीट नसेल तर दोन पावसाळ्यांत परत फुगतं. मी असतो तर रंगच दिला असता, कामाची पिकअप आहे ती, लग्नाची गाडी नाही. आतली बाजू मात्र एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) मारल्याशिवाय बसवू नकोस, लोक समोरचं चमकवतात आणि मागे नुसता रेड ऑक्साइडचा एक हात मारून मोकळे होतात.

आणि एक, दारात पुढे ती छोटी त्रिकोणी उघडणारी काच आहे का बघ. ती १९५१ पासून यायला लागली आणि दाबायच्या बटणाचं हँडल १९५२ मध्ये, त्यावरून आरसीवरचं साल जुळतंय का कळेल. जनरल मोटर्सचा कारखाना तेव्हा शिवडीला होता, १९२८ ते १९५४, म्हणजे बहुतेक तिथेच जोडलेली निघेल. बंपर उतरवलास की चॅसीच्या टोकांचे फोटो पाठव, पेचकस टोचून मग.